सृष्टीच्या वाटचं बोलणं

आमच्या सृष्टीच्या वाटचं बोलणं मीच बोलून टाकते, असं एक शिकलेली बाई मला माझ्या तोंडावर म्हणाली. त्यानंतर दोन आठवडे मी त्या बाईशी बोलले नाही. माझ्यासाठी ही केवढी मोठी शिक्षा होती, ते आमच्या फुलबाजारात कुणालाही विचारा.

मी मोहिनी. पंचवटीत, गंगेच्या अंगाला, सकाळी फुलं विकते. फुलं माझा धाकटा भाऊ भारत पिकवतो, मखमलाबादला, दीड एकरात. शेवंती, झेंडू, कडेला निशिगंध आणि थोडा गुलाब. नवऱ्याचं आणि माझं पटलं नाही, वीस वर्षांपूर्वी माहेरी आले ती आलेच. सृष्टी ही भारतची मुलगी, साडेसहा वर्षांची. तिला जन्म भारतच्या बायकोने, भाग्यश्रीने दिला, हे खरं. पण तिच्या मनातलं ओळखायचं खातं घरात माझ्याकडे होतं.

सृष्टी बोलत नाही असं नाही. 'जेवलीस का?' विचारलं की ती 'जेवलीस का' असं तुमचं तुम्हाला परत देते, अगदी तुमच्याच सुरात. स्वतःचं असं ती क्वचित काही म्हणते, तेही एखादा शब्द, तोही भलतीकडे बघत. बालवाडीच्या ताई सांगायच्या, हिचं लक्षच नसतं. मला ते कधी पटलं नाही. भारतने शेवंतीला पाणी सोडलं की ती पाटाच्या कडेने पाण्याच्या पुढच्या टोकाबरोबर चालते. पाणी ढेकळापाशी थांबतं, जरा फुगतं, वाट काढून पुढे सरकतं. तीही थांबते, ओणवी होते, पुढे सरकते. सबंध वाफा भरेपर्यंत जगात दुसरं काही नसतं. धुक्याच्या दिवसांत तर ती आणि ते पाणी एवढंच काय ते हलताना दिसतं, बाकी शेत कुणीतरी पुसून टाकलेलं असतं. लक्ष आहे तिचं. आपण बोलावतो तिथे ते येत नाही, एवढंच.

मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या करून कागद दिला. ऑटिझम लिहिलं होतं. भाषा वयाच्या मागे आहे, सांगितलेल्या कामावर लक्ष टिकत नाही, शिकायला वेळ लागेल, असंही लिहिलं होतं. भारतने तो कागद मोटरसायकलच्या कागदांबरोबर ठेवून दिला आणि महिनाभर कुणाशी धड बोलला नाही.

मी मात्र बोलत राहिले. गल्लीत कुणी सृष्टीला विचारलं, काय गं, काय पाहिजे, की विचारणारा तिच्याकडे बघायचाच नाही, माझ्याकडे बघायचा. मी सांगायची, पाणी पाहिजे तिला. झोप आलीय. तो मिक्सर बंद करा, आवाज सोसत नाही तिला. दहातल्या नऊ वेळा बरोबर निघायचं. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

ती शिकलेली बाई म्हणजे आभा मॅडम. मुलांना बोलायला शिकवतात. त्यांची खोली द्वारका चौकात, दुसऱ्या मजल्यावर. खाली ट्रक, रिक्षा, हॉर्न, नुसता कालवा. वर जाऊन दार लावलं की सगळं लांब जायचं, विहिरीत वाकून ऐकल्यासारखं. मॅडमनी साबणाच्या फुग्यांची बाटली उंच फळीवर ठेवली आणि त्या नुसत्या बसून राहिल्या. सृष्टीने बाटलीकडे एकदा बघितलं.

"फुगे पाह्यजेत तिला," मी म्हणाले.

मॅडमनी बाटली काढली नाही. थोड्या वेळाने दुसरं काहीतरी ठेवलं. मी तेही सांगितलं. तिसऱ्या वेळी त्या माझ्याकडे वळल्या.

"मोहिनीताई, तुम्ही तिला इतकं छान ओळखता, की तिला सांगायला काही शिल्लकच राहत नाही. तिच्या वाटचं बोलणं तुम्हीच बोलून टाकता."

"म्हणजे माझ्यामुळं ती अशी हाय का, म्याडम?"

"नाही. अजिबात नाही. ती जन्मापासून अशी आहे, यात कुणाचीच चूक नाही. पण तिला शब्द शोधायला वेळ लागतो, आणि तो वेळ तुम्ही तिला देत नाही. तिला काही हवं असेल तेव्हा मनात दहापर्यंत मोजा. दहाने नाही झालं तर वीस. तोवर गप्प बसा."

गप्प बसा. कुणाला, तर मला. भल्या पहाटे सगळ्या बाजारावरून जिचा आवाज पलीकडच्या घाटावर ऐकू जातो, तिला. मी पिशवी उचलली आणि जिना उतरले. सोबत आलेली भाग्यश्री मागून माफी मागत राहिली, तिच्या वाटची आणि माझ्याही वाटची.

त्या दोन आठवड्यांत मला दुपारची स्वप्नं पडू लागली. बाजारासाठी तीनला उठते म्हणून जेवल्यावर मी ओट्यावर आडवी होते. उन्हात सुकत टाकलेल्या बियांचा वास, लांबवर पंपाची घरघर, आणि डोळा लागला की सृष्टी यायची. स्वप्नात ती बोलायची. एक-दोन शब्द नाही, भरभरून बोलायची. हात हलवून, हसून, मध्येच रुसून. शेवंतीतून चालत ती पुढे आणि मी मागे. ती काय म्हणतेय ते मला सगळं समजायचं आणि मी एक अक्षर बोलायची नाही. मला तोंडच नसायचं. त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट हलकं वाटायचं. जाग आली की तिचा एकही शब्द आठवायचा नाही. डोळे उघडावेत तर ती खरी सृष्टी समोर पायरीवर बसलेली, उन्हाच्या तिरिपेत उडणारी धूळ बघत. मी मनात म्हणायची, बाई गं, आत्ता तर एवढं बोललीस. आणि एक एक दिवस मला खरंच कळायचं नाही, की मी अजून झोपेत आहे की उठले आहे.

मग शाळेचं निघालं. पंचवटीतल्या एका शाळेत अशा मुलांसाठी एक वेगळ्या बाई नेमलेल्या होत्या. मुलं इतरांबरोबरच वर्गात बसतात आणि त्या बाई शेजारी बसून समजावतात. एक जागा उरली होती. मुख्याध्यापिका मालिनीबाई, त्यांना भाग्यश्री जाऊन भेटली. बाईंनी सांगितलं, संक्रांतीनंतरच्या गुरुवारी मुलीला घेऊन या. प्रश्नोत्तरं काही नाहीत. तिच्या मनातलं एखादं तरी तिला आमच्यापर्यंत पोचवता येतं का, एवढं बघू दे. बोलून, हाताने, कसंही. कारण दिवसभर ती आमच्याकडे असणार, घरचं कुणी नसणार.

नाही जमलं, तर दुसरी वाटही ठरलेली होती. भारतने लांबच्या एका जिल्ह्यातली वसतिगृहाची शाळा बघून ठेवली होती. गाडीने सात तास.

"तिथं शिकलेली माणसं हायेत, आक्का," तो म्हणाला. "आपल्यानं नाय होत हे. मी काय हौसेनं पाठवू ऱ्हायलो का तिला?"

एवढं बोलून तो फवारणीचा पंप धुवायला गेला. पंप आदल्या दिवशीच धुतलेला होता.

सृष्टी सात तासांवर. तिला भात कोमट लागतो, नव्या चादरीला आधी तास-तासभर हात लावून बघावा लागतो, हे तिथे कोण ओळखणार? भाग्यश्रीने बाईंचा निरोप जसाच्या तसा सांगितला होता, पण माझ्या डोक्याने त्याची परीक्षा करून टाकली. परीक्षा म्हटली की तयारी आली. आणि तयारी म्हटली की मी आलेच.

आमच्या धंद्यात हाराला क्रम असतो. पांढरी शेवंती, झेंडू, गुलाब, निशिगंध, पिवळी शेवंती, की परत पांढरी. सृष्टी ओवायला बसली की तो क्रम कधी चुकत नाही. दुसऱ्याचा चुकला तर ती येऊन नको ते फूल ओढून काढते. मी म्हटलं, हेच आपलं पुस्तक. एका फुलाला एक उत्तर बांधून टाकू. पांढरी शेवंती हातात दिली की 'सृष्टी'. झेंडू दिला की 'सहा'. गुलाबाला 'भारत', निशिगंधाला 'मखमलाबाद', आणि पिवळ्या शेवंतीला, तुला काय आवडतं, तर 'फुलं'.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी दुपारी मी पांढरी शेवंती पुढे केली आणि ती सुईकडे बघत म्हणाली, "सृष्टी." मी झेंडू दिला. "सहा." गुलाब, निशिगंध, पिवळी. पाचही उत्तरं आली, एका पाठोपाठ एक, दोऱ्यावरून सरकल्यासारखी. मी एवढ्याने ओरडले की शेजारची नवसाबाई धावत आली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला ते ऐकवून झालं. संक्रांतीला लोक सृष्टीच्या हातावर तिळगूळ ठेवून म्हणायचे, गोड बोल गं बाई. आणि मग सवयीने ओशाळायचे. या वर्षी मी कुणाला ओशाळू दिलं नाही. मी फुलं काढायची आणि सृष्टी बोलून दाखवायची.

भाग्यश्री तेवढी हसली नाही.

"आक्का, ती माणसाला नाय बोलू ऱ्हायली," ती हळूच म्हणाली. "फुलाला बोलू ऱ्हायली."

"तुला कौतुक नाय पोरीचं," मी म्हणाले. असं मी बोलायला नको होतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि ती कडबा ओढायला निघून गेली.

गुरुवारी गंगेवर धुकं इतकं होतं, की पूल अर्ध्यावर संपल्यासारखा दिसत होता. भारतच्या मोटरसायकलवर सृष्टी पुढे, मागे भाग्यश्री. मी रिक्षाने, पर्समध्ये ओल्या फडक्यात फुलं. भारत आत आला नाही. फाटकाशी उभा राहतो म्हणाला.

मालिनीबाईंची खोली साधी होती. टेबल, चार खुर्च्या, एक मोठी खिडकी, भिंतीला खालच्या अंगाला सरस्वतीची तसबीर आणि तिला हार. बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. सृष्टी माझ्या आणि भाग्यश्रीच्या मध्ये बसली आणि खुर्चीच्या पायाला लावलेलं रबर बघू लागली.

"कुठून आलात?" बाईंनी विचारलं. सहज, सगळ्यांनाच.

माझ्या हिशोबात गाव चौथं होतं. पहिला प्रश्न नावाचा यायला हवा होता. मी घाबरून टेबलाखाली निशिगंध शोधायला लागले आणि घाईत हाताला लागली पांढरी शेवंती. सृष्टीने फूल घेतलं आणि ती सुरू झाली.

"सृष्टी. सहा. भारत. मखमलाबाद. फुलं."

पुढची फुलं मी दिलीही नव्हती. ती क्षणभर थांबली. हार गोल असतो, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

"सृष्टी. सहा. भारत. मखमलाबाद. फुलं. सृष्टी. सहा…"

आवाज हुबेहूब माझा होता, बाजारातला, चढा. मी तिच्या तोंडात माझंच बोलणं भरून आणलं होतं. आजवर तिचं गप्प असणं तरी निदान तिचं स्वतःचं होतं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. भाग्यश्रीने तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कुठे ती हळूहळू थांबली.

मालिनीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "मोहिनीताई, फुलं पर्समध्ये ठेवा. आणि आता थोडा वेळ कुणीच काही बोलू नका."

मी पर्सची चेन ओढली.

मी मनात मोजायला लागले. आभा मॅडमवरचा राग कुठे गेला कोण जाणे. दहा झाले, वीस झाले. बाहेर कुठल्या तरी वर्गात मुलं पाढे म्हणत होती, पण ते धुक्यातून येताना पाढ्यांसारखे वाटत नव्हते, लांबच्या पाण्यासारखे वाटत होते. चाळीसच्या पुढे माझे आकडे मिसळायला लागले. खिडकीत पांढरा उजेड साचला होता, हळूहळू तो दुधात हळद पडल्यासारखा पिवळा झाला. सृष्टी खुर्चीवरून उतरली. तिने खिडकीच्या गजांना एकेक करून बोट लावलं. पंख्याकडे बघितलं, पंखा बंद होता. पाण्याच्या माठापाशी थांबली, माठाच्या पोटावरून ओघळणारा एक थेंब खालपर्यंत बघितला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. आयुष्यात इतका वेळ मी गप्प बसले नव्हते, आणि गंमत म्हणजे मला ते जड जात नव्हतं. मी तिच्या मागून चालल्यासारखी नुसती बघत होते. मग ती तसबिरीसमोर गेली आणि तिने हाराला हात घातला.

आता ओढणार. तसबीर खाली येणार, काच फुटणार, सगळं संपणार. माझं तोंड उघडलं. भाग्यश्रीने माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट. मी तोंड मिटलं.

सृष्टीने हार ओढला नाही. दोन बोटांनी एक झेंडू चेपून बघितला, बाजारात मी बघते तसा. मग ती वळली. मला वाटलं माझ्याकडे येईल, नेहमी येते तशी, येऊन माझा हात धरून नेईल. मी हात पुढे करूनही ठेवला होता. ती माझ्या समोरून निघून गेली. भाग्यश्रीच्या समोरून गेली. टेबलाला वळसा घालून ती मालिनीबाईंपाशी थांबली, त्यांच्या साडीचा काठ मुठीत धरला आणि अगदी बारीक आवाजात काहीतरी म्हणाली.

बाईंना ऐकू गेलं नाही. मला गेलं. तिच्या तोंडातून निघालेला श्वासही मला ऐकू जातो. 'हार सुकला', असं ती म्हणाली होती. हे मी शिकवलं नव्हतं. कुणीच शिकवलं नव्हतं. आणि आवाज माझा नव्हता. असा आवाज तिला आहे, हेच मला माहीत नव्हतं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि सगळे बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणतेय ती?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. सांगितलं असतं तर बाईंना पटलं असतं, जागा मिळाली असती, सात तासांची गाडी टळली असती. एवढंसं तर बोलायचं होतं. पण मग ते पुन्हा माझं बोलणं झालं असतं. आणि मी नसेन तिथे, रोज, दिवसभर, ते कोण बोलणार होतं?

"तिलाच विचारा, बाई," मी म्हणाले.

भाग्यश्रीने माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. मालिनीबाई खुर्चीवरून उठल्या आणि खाली फरशीवर बसल्या, सृष्टीच्या तोंडापाशी तोंड येईल अशा. "सृष्टी, मला समजलं नाही गं. परत सांग."

आम्ही थांबलो. मी मोजलं नाही. सृष्टीने बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, ती बघतही नाही. तिने त्यांचं बोट धरलं, त्यांना उठवलं, तसबिरीपर्यंत नेलं आणि त्यांचा तळहात हाराखाली धरून झेंडू चोळला. करड्या झालेल्या पाकळ्या भुगा होऊन बाईंच्या हातावर पडल्या.

"सुकला," ती म्हणाली. या वेळी जरा मोठ्याने, ज्याला फुलांतलं काही कळत नाही अशा माणसाला सांगावं तसं.

"खरंच की," बाई हातावरच्या भुग्याकडे बघत म्हणाल्या. "चार दिवस झाले असतील. इथे येणाऱ्या-जाणाऱ्या एवढ्या माणसांत कुणाचं लक्षच गेलं नाही."

मग त्यांनी कपाटातून प्रवेशाचा फॉर्म काढला आणि भाग्यश्रीपुढे ठेवला. भाग्यश्रीला पेन धरता येईना, ती रडत होती. मीही रडत होते, आवाज न करता, आणि ते मला नवीन होतं. आनंद होता, नाही कसा म्हणू? पण माझा पुढे केलेला हात तसाच मांडीवर पडला होता आणि तो मागे घ्यायचं मला सुचत नव्हतं. माझी पोर पहिल्यांदा स्वतःच्या मनातलं सांगायला निघाली, तेव्हा तिला वाटेत माझी गरज पडली नव्हती. हे व्हावं म्हणूनच तर मी सगळं केलं होतं, आणि तरी ते इतकं लागेल असं कुणी मला सांगितलं नव्हतं.